आभाळ्याची सात मिनिटं

सकाळपासून वारा ठार पडला होता. साइटवरच्या धुळीला उडायचाही कंटाळा आलेला. पायाने उठवली तर गुडघ्यापर्यंत यायची आणि तिथेच लोंबकळत राहायची. क्रेनच्या टोकाला बांधलेलं लाल फडकं मान टाकून गप्प होतं. असल्या हवेत खालच्या माणसांची अंगं चिकचिकतात, उगाच एकमेकांवर खेकसणं सुरू होतं. पण क्रेनवाल्याला असा दिवस म्हणजे पर्वणी. माल झुलत नाही, जिथे ठेवायचा तिथे मुकाट्याने जाऊन बसतो.

आभाळ्याने सव्वासातलाच शिडीला हात घातला होता. पंधरा शिड्या. आठव्या शिडीपर्यंत तो मोजायचा, पुढचं मोजायचं काम गुडघे करायचे. केबिनमध्ये पोचलं की आधी काचा पुसायच्या, मग दोन्ही लिव्हर रिकामे हलवून बघायचे, मग हूक वीतभर उचलून सोडायचा. साडेसातला पहिली उचल. दहापर्यंत त्याने सळ्यांच्या सहा मोळ्या, फळ्यांचे दोन गठ्ठे आणि पाण्याची एक टाकी चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवली. खाली हिरवं जाकीट घालून त्याला इशारे करणाऱ्या झेंडीवालीला एकही इशारा दोनदा करावा लागला नाही.

दहाच्या ठोक्याला वायरलेस खरखरला.

"साडूभाऊ, उतरा आता. माझी पाळी."

आवाज गोड होता. तेच तर दुखणं होतं. आभाळ्याचा एवढा सोन्यासारखा दिवस तिथेच नासला.

आभाळ्या हे नाव त्याला क्रेन शिकवणाऱ्या उस्तादाने दिलं होतं, सव्वीस वर्षांपूर्वी. तेव्हा तो साइटवर चहा वाटायचा आणि उस्तादाचा चहा वर नेऊन द्यायच्या निमित्ताने केबिनमध्ये रेंगाळायचा. "ह्याचे पाय जमिनीला लागतात कुठे, ह्याला आभाळ्या म्हणा," असं उस्ताद म्हणाला आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आता खरं नाव फक्त मतदार यादीत आणि सासऱ्यांच्या तोंडी उरलं होतं.

उस्तादाची शिकवायची तऱ्हा एकच. पाण्याने काठोकाठ भरलेली बादली हुकाला अडकवायची, तीन मजले वर न्यायची, पूर्ण गोल फिरवून आणायची आणि खाली बाकड्यावर बसलेल्या उस्तादाच्या पायाशी ठेवायची. उस्तादाची चप्पल भिजली की त्या दिवशी केबिनमध्ये पाय ठेवायचा नाही. आभाळ्याने आठ महिने उस्तादाच्या चपला भिजवल्या. नवव्या महिन्यात एके दिवशी बादली खाली टेकली आणि पाण्यावर साधा तरंगही नव्हता. उस्तादाने चपला काढून उन्हात ठेवल्या, जणू आता त्या कायमच्या वाळणार होत्या.

तेव्हापासून आभाळ्याचा हूक थांबला की भिंतीतल्या खिळ्याला टांगल्यासारखा थांबायचा. साइट बघायला पाहुणे आले की साहेब त्यांना मुद्दाम वर बघायला लावायचे. आयुष्यात मिरवावं असं त्याच्याकडे तेवढंच होतं. घरात त्याला विचारून एक उशीसुद्धा विकत घेतली जात नसे.

आणि मग साडू आला.

साडू म्हणजे धाकट्या मेहुणीचा नवरा, वयाने आठ-नऊ वर्षांनी लहान. गोदामात माल हलवायची गाडी चालवायचा. पस्तिशीनंतर त्याच्या डोक्यात क्रेन शिरली. सरळ जाऊन एका केंद्रात भरती झाला आणि तिथे पडद्यासमोर खुर्चीवर बसून क्रेन चालवायला शिकला. पडद्यावरची क्रेन, पडद्यावरचा वारा, पडद्यावरचे मजूर. आभाळ्याने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जेवता जेवता हसून ठसका लागला होता. पण त्या हसण्याच्या तीन वर्षांत साडूने तीन प्रमाणपत्रं मिळवली, त्याच केंद्रात शिकवायला लागला, आणि आता कंपनीने त्याला ह्याच साइटवर आणून बसवला. अर्धा दिवस क्रेन, अर्धा दिवस शिकवणं. पहिल्या आठवड्यातच सगळे त्याला मास्तर म्हणायला लागले.

"धाकटीच्या नवऱ्याला लोक मास्तर म्हणतात," बायको पोळपाट धुता धुता म्हणाली होती.

"मला आभाळ्या म्हणतात. आभाळ मोठं की मास्तर?"

"आभाळाला कुणी बसायला खुर्ची देतं का? त्यांना टेबल-खुर्ची दिलीय. पंखासुद्धा."

"मी बसतो ती काय पाट आहे?"

"अहो, मी आपलं सांगितलं. तुम्हाला लगेच झोंबतं."

झोंबत होतंच. त्यात साहेबांनी दोघांना समोर उभं करून सांगितलं होतं की पुढच्या महिनाअखेरीला ह्या क्रेनवर एकच मुख्य चालक राहील, दुसऱ्याला बंदराकडच्या नव्या साइटवर जावं लागेल. बंदर म्हणजे घर सोडून आठ तासांवर. पण आभाळ्याला घराची फिकीर नव्हती. हे केबिन, ह्या पंधरा शिड्या आणि हा खिळ्यासारखा थांबणारा हूक साडूच्या हातात जाईल, हा विचार आला की तो ताट बाजूला सारायचा.

मास्तरचं ट्रेनिंग तीन दिवस चाललं, पत्र्याच्या शेडमध्ये, तीस माणसांसमोर. विषय एकच, वर बसलेल्या माणसाला अचानक काही झालं तर काय करायचं.

"हृदय, मेंदू, रक्तातली साखर," मास्तर म्हणाला, "ह्यातलं काहीही न सांगता दगा देतं. विमानात चालवायला दोघं असतात. आपल्या क्रेनमध्ये माणूस एकटा, आणि खाली तीसजण."

पहिली गोष्ट त्याने लिव्हरवरच्या बटणाची सांगितली. काम चालू असताना ते अंगठ्याने दाबून धरायचं. अंगठा सुटला, की चालवणाऱ्याला काहीतरी झालं असं समजून क्रेन आपोआप जागच्या जागी थांबते. आता हे सगळ्या क्रेनवाल्यांना माहीत असतं, आणि दिवसभर बटण दाबून संध्याकाळी अंगठा कसा सुजतो हेही माहीत असतं. म्हणून जुनी माणसं सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा कापून बटणावर ताणून बांधतात आणि अंगठ्याला सुट्टी देतात. आभाळ्याच्या लिव्हरला अशी ट्यूब वर्षानुवर्षं होती. मास्तर आदल्या दिवशी वर जाऊन ती कापून घेऊन आला होता. त्याने ती तीस जणांसमोर दोन बोटांत धरून उचलली, उंदराची शेपटी धरावी तशी.

"ही कुणाची, हे मी विचारणार नाही."

तीस माना एकाच वेळी आभाळ्याकडे वळल्या.

दुसरी गोष्ट हाकेची. क्रेनवर दोन चालक, अडीच-अडीच तासांच्या पाळ्या. एक वर असला की दुसऱ्याने खाली वायरलेस घेऊन बसायचं आणि दर वीस मिनिटांनी हाक द्यायची. उत्तर आलं की कागदावर वेळ लिहायची. उत्तर नाही आलं तर लगेच दुसरी हाक. तरी नाही आलं तर एका मिनिटात शिट्टी, मालाखालची माणसं बाजूला आणि दोघांनी स्ट्रेचर घेऊन वर.

"मिनिट म्हणजे मिनिट," मास्तर म्हणाला.

"आणि वरचा माणूस शिंकत असला तर?" आभाळ्याने विचारलं. शेड हसलं.

"तर शिंकून उत्तर द्यायचं, साडूभाऊ." शेड त्याहून मोठ्याने हसलं.

तिसऱ्या दिवशी स्ट्रेचर. आजारी माणूस म्हणून कुणीतरी हवा होता, आणि मास्तरने घरच्या माणसावर हक्क दाखवला. आभाळ्याला पट्ट्यांनी आवळून दुसऱ्या शिडीच्या उंचीवरून दोरीने खाली सोडला. हात बांधलेले, नाकाला खाज सुटलेली. खालून झेंडीवाली विचारत होती, "आभाळ्याभाऊ, पाकिटावर पत्ता नीट लिहिलाय ना? नाहीतर परत यायचं."

त्या अवस्थेतही आभाळ्या बघत होता. पट्टा कुठून येतो, गाठ कशी बसते, मान कशाने धरतात, दोरी कुणी आधी सोडायची. तीन दिवस त्याने एवढ्या बारकाईने पाहिलं होतं की शाळेत असताना तसं पाहिलं असतं तर कुठल्या कुठे गेला असता. मास्तरची एक तरी चूक सापडावी आणि ती सगळ्यांसमोर दाखवावी, एवढीच इच्छा. चूक सापडली नाही. सगळं पाठ मात्र झालं.

म्हणून शेवटी त्याने बादली काढली.

"मास्तर, पुस्तकातलं झालं. आता हातातलं दाखवा."

मास्तर नाही म्हणाला नाही. वर गेला, भरलेली बादली उचलली, फिरवली आणि खाली आणेपर्यंत निम्मी सांडली. झेंडीवालीच्या डोक्यावर शिंतोडे उडाले. सगळी साइट हसली. आभाळ्याच्या छातीत कितीतरी दिवसांनी गार वाटलं. आणि मग मास्तर खाली उतरून म्हणाला, "माझा हात साडूभाऊंएवढा तयार नाही. त्यांच्याकडून शिकायला पाहिजे."

"केवढा मोकळा माणूस," सुतार म्हणाला.

"नाहीतर कोण कबूल करतंय हो," झेंडीवाली म्हणाली, केस पुसत.

म्हणजे जिंकूनसुद्धा आभाळ्याच हरला.

त्यानंतर रोज जेवणाच्या सुट्टीत मास्तर वर जाऊन बादली फिरवायचा. आभाळ्या पाठ करून डबा खायचा, पण कान मागे लावलेले. पाणी जमिनीवर पडल्याचा आवाज आला की घास गोड लागायचा. दिवसागणिक तो आवाज कमी होत गेला.

तर त्या वारा पडलेल्या दिवशी दहाला आभाळ्या उतरला, मास्तर चढला. शिडीच्या तळाशी दोघं एकमेकांना ओलांडून गेले. मास्तरचा चेहरा जरा ओढलेला वाटला. "डोकं दुखतंय सकाळपासून. उकाड्याने असेल," तो म्हणाला. आभाळ्या "हं" म्हणाला आणि वायरलेस घेऊन खालच्या खुर्चीत बसला. दहा वीसला हाक दिली, उत्तर आलं. दहा चाळीस, अकरा, अकरा वीस. "आहे, साडूभाऊ." प्रत्येक वेळी तेच, गोड.

साडेअकराला काम थांबलं. काँक्रीटची गाडी वाटेत कुठेतरी अडकली होती. नरसाळ्यासारखी ती मोठी लोखंडी बकेट मास्तरने रिकामीच उचलून दुसऱ्या मजल्याच्या वर तयार धरून ठेवली. तिच्या थोडं अलीकडे चारजण सळ्या बांधत बसले होते. झेंडीवाली सावलीला जाऊन पाणी पीत होती.

अकरा चाळीसला आभाळ्याने बटण दाबलं. "मास्तर, हाक."

उत्तर नाही.

त्याने वर बघितलं. आणि वर बघितल्यावर त्याला जे वाटलं ती काळजी नव्हती.

बकेट थांबली होती. नुसती थांबली नव्हती. भिंतीतल्या खिळ्याला टांगल्यासारखी थांबली होती. मास्तरच्या हातातला हूक कधी असा राहत नसे. तो सारखा थोडा इकडे, थोडा तिकडे, नवी सून पाहुण्यांसमोर चुळबुळते तसा चुळबुळत असायचा. आज कंप नाही, झोल नाही. बकेटची कड आणि मागच्या खांबाची कड एका रेषेत, आणि ती रेषा हलत नव्हती.

जमलं ह्याला, आभाळ्याच्या मनात आलं. मला आठ महिने लागले. ह्याने पाच आठवड्यांत, जेवणाच्या सुट्टीत, डबा न खाता.

दुसरी हाक लगेच द्यायची होती. आभाळ्याचा अंगठा बटणावर होता आणि त्याने तो दाबला नाही. उत्तर का देत नाही हे तर उघडच आहे, त्याने स्वतःला सांगितलं. वर ऐटीत बसलाय. हाक मारतो कशाला साडूभाऊ, बकेटकडे बघ म्हणतोय. राहू दे गप्प. स्वतः केलेला नियम स्वतःच मोडतोय, मोडू दे. महिनाअखेरीला साहेबांना कागदच दाखवतो, हा रकाना रिकामा, हे तुमचे मास्तर. त्याने पेन हातात घेतलं आणि अकरा चाळीससमोरचा रकाना मोठ्या समाधानाने कोरा सोडला.

तरी नजर बकेटवरून हटेना. तिच्यात खोट शोधत तो बसून राहिला. एक मिनिट गेलं, तीन गेली. बायकोची खुर्ची आठवली, पंखा आठवला, दोन बोटांत धरलेली ट्यूब आठवली. उस्ताद आज असता तर ह्या बकेटकडे बघून त्याने चपला उन्हात ठेवल्या असत्या का, हेही मनात आलं. पाच मिनिटं. सहा.

अकरा सत्तेचाळीसला दिवसातली पहिली झुळूक आली. टोकावरचं लाल फडकं अर्धवट उठलं. बकेट खांबाच्या रेषेतून सुटली, एका बाजूला गेली, परत आली, दुसऱ्या बाजूला त्याहून जास्त गेली.

खाली खुर्चीत बसलेल्या आभाळ्याचा उजवा हात आपोआप हलला, झुलती बकेट आवरायला. सव्वीस वर्षांची खोड. कुठल्याही चालकाचा हात असाच हलतो. शिकाऊ असला तर चुकीच्या बाजूला हलतो, उशिरा हलतो, पण हलतो. वर कुणाचाच हात हलला नाही. बकेट तिसऱ्यांदा झुलली, मोकाट, धनी नसल्यासारखी.

ती खिळ्यासारखी का थांबली होती हे आभाळ्याला तेव्हा कळलं. वारा नव्हता आणि वर हलवणारं कुणी नव्हतं.

त्याने शिट्टी एवढ्या जोरात फुंकली की सळ्या बांधणारे चौघं आधी जमिनीवर झोपले. "बाजूला व्हा, बकेटखालून बाजूला व्हा," असं ओरडत झेंडीवाली सावलीतून धावत सुटली. सुतार ट्रेनिंगमध्ये त्याचा जोडीदार होता. त्याने स्ट्रेचरची पिशवी पाठीला अडकवली. आभाळ्या पुढे. त्या दिवशी त्याने एकही शिडी मोजली नाही.

मास्तर खुर्चीत डावीकडे कलंडला होता. तोंडाची एक बाजू खाली ओघळलेली, लाळ जाकिटावर. डोळे उघडे, आणि ते डोळे आभाळ्याकडे बघत होते. छाती लिव्हरपासून चार बोटांवर. चार बोटं आणखी कलला असता तर अंगाच्या भाराने क्रेन फिरली असती आणि थांबली नसती, कारण लिव्हरवरच्या बटणावर सायकलच्या ट्यूबचा एक नवा कोरा तुकडा व्यवस्थित ताणून बांधलेला होता.

आभाळ्याने आधी लाल बटण दाबून क्रेन बंद केली. मग खिशातल्या चाकूने ट्यूब कापली आणि सुतार शेवटच्या शिडीवर धापा टाकत होता तेवढ्यात खिशात घातली. मग मास्तरला कुशीवर केला, तोंड पुसलं, मान धरली. पट्टा काखेखालून, गाठ छातीच्या डावीकडे, दुसरा पट्टा गुडघ्यांवर, डोक्याची बाजू आधी मोकळी करायची नाही. हात आपले आपण चालत होते.

"तुम्ही तर घोकूनच ठेवलंय सगळं," सुतार म्हणाला.

"गाठ बघ. बोलू नको."

दोरी सोडताना आभाळ्याच्या तळहातांची सालं निघाली. स्ट्रेचर पंधरा शिड्यांच्या उंचीवरून खाली गेलं, कुठेही आपटलं नाही, झुललं नाही. बादलीत पाणी असतं तर सांडलं नसतं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्ताची वाट बंद झाली होती. वेळेत आणलं म्हणून औषध लागू पडलं. हे साइटवर कळलं तेव्हा साहेबांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. आभाळ्या हातांना फडकी गुंडाळून मागे उभा होता.

"मास्तरांनी ट्रेनिंग दिलं नसतं," साहेब म्हणाले, "तर आज आपण काय केलं असतं?"

सगळ्यांनी माना हलवल्या. खरंच, असं कुजबुजले. आभाळ्या आपल्या हातांकडे बघत राहिला. म्हणजे ह्या माणसाने स्वतःचा जीवसुद्धा स्वतःच वाचवला होता.

"लक्षात कधी आलं तुमच्या?" साहेबांनी नंतर विचारलं.

"हाकेला उत्तर नाही आलं तेव्हा," आभाळ्या म्हणाला. हे खोटं नव्हतं, एवढंच.

चार दिवस बायको दवाखान्यात डबे नेत होती. घरी आभाळ्याच्या ताटात उरलंसुरलं. हे त्याने बोलूनही दाखवलं, आणि बायकोने त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प जेवला. पाचव्या दिवशी संध्याकाळी भेटायच्या वेळेला तो गेला. दाराशीच मेहुणी भेटली. "भाऊजी, तुम्ही नसता तर," एवढंच म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून औषध आणायला गेली. तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मास्तर उशीला टेकून बसला होता. डावा हात मांडीवर ठेवलेला, परक्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. जीभ जड झाली होती, एकेक शब्द ढकलत बोलत होता.

"बसा, साडूभाऊ."

आभाळ्या बसला. खिडकीवरच्या पडद्याची काही वेळ पाहणी केली.

"मी ऐकत होतो," मास्तर म्हणाला. "वर. जीभ हलत नव्हती. कान चालू होते."

आभाळ्याने पडद्यावरची नजर काढली.

"तुमची हाक ऐकली. म्हटलं, आता दुसरी येईल. मग शिट्टी." तो दम घ्यायला थांबला. "बराच वेळ काही आलं नाही. म्हटलं, साडूभाऊ चहा पीत असतील."

"चहा नव्हतो पीत."

"मग?"

"बकेट बघत होतो." आभाळ्याने हातावरचं फडकं घट्ट केलं. "गप्प उभी होती. मला वाटलं, तुम्हाला हात जमला. पोटात आग पडली. म्हटलं, उत्तर देत नाही तर नको देऊ. सात मिनिटं बसून राहिलो."

 मास्तरच्या तोंडाची चालती बाजू हलली. हसत होता की काय ते कळायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे लुळा पडलो तेव्हा जमला," तो म्हणाला.

आभाळ्याने खिशातून ट्यूबचा तुकडा काढून चादरीवर ठेवला. मास्तरचं हसू गेलं.

"माझ्या पाळीपुरती बांधायचो, अंगठा आखडायचा," मास्तर म्हणाला. "बटणावर लक्ष दिलं की हूक हलायचा. तुमच्यासारखा थांबवायचा होता. डोळ्यांसमोर दिवसरात्र तुमचा हूक. किती जळलो असेन, विचारू नका."

"तुम्ही? माझ्यावर?"

"मग काय त्या सुतारावर?"

आभाळ्याला ह्याचं काय करावं कळेना. आपल्यावर कुणी जळावं असं आपल्यात काही आहे, हे त्याला मनातून माहीत होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची सवय नव्हती. थोडं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

"सात मिनिटांचं मी कुणाला सांगणार नाही," मास्तर म्हणाला. "तुमचं केबिन जायला नको."

झालं. आभाळ्या खुर्चीतून उठलाच. ह्याने माफ करायचं, ह्याने पोटात घालायचं, आणि जन्मभर सासरच्या प्रत्येक कार्यात आपण ह्याच्या शेजारी त्या उपकाराखाली बसायचं. मोठं मन पण ह्याचंच.

"काही गरज नाही," तो म्हणाला. "मी सांगतो माझं मी. तुमचं तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने साहेबांच्या टेबलावरचा तो हाकांचा कागद मागून घेतला. अकरा चाळीसच्या कोऱ्या रकान्यात लिहिलं, उत्तर नाही. खाली लिहिलं, शिट्टी अकरा सत्तेचाळीस. मधल्या सात मिनिटांत काय करत होतात, हे साहेबांनी विचारलं तेव्हा तेही सांगितलं, जसं दवाखान्यात सांगितलं होतं तसं. साहेब पाच मिनिटं बोलले. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. पंधरा दिवस केबिन बंद. दुसऱ्या साइटवरून बदली माणूस येईल, आभाळ्याने खाली बसून त्याला हाका द्यायच्या. पुढचं पुढे बघू.

बदली माणूस तेवीस वर्षांचा होता आणि शीळ घालत क्रेन चालवायचा. पंधरा दिवस आभाळ्या त्याच्यावरही जळला. पण हाक चुकवली नाही. एकदा पोरगा दोन सेकंद उशिरा बोलला तर आभाळ्याने शिट्टी तोंडात धरली होती.

मास्तर दोन महिन्यांनी काठी घेऊन साइटवर आला. वर चढणं आता त्याच्या नशिबात नव्हतं. डॉक्टरांनी तसं लिहूनच दिलं होतं. त्यामुळे बंदरावर जायचा प्रश्न दोघांचाही मिटला. मास्तर खाली शिकवणार आणि हाका देणार, आभाळ्या वर. पहिल्याच ट्रेनिंगला मास्तरने ट्यूबचा तो तुकडा काढला, दोन बोटांत धरला, आणि जड जिभेने म्हणाला, "मागच्या वेळी मी म्हटलं होतं, कुणाची ते विचारणार नाही. ही माझी."

 मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळेच वाजवायला लागले. झेंडीवालीने डोळे पुसले. "एवढं मोठं मन असायला पाहिजे," ती आभाळ्याला म्हणाली.

"मी पण सांगितलं होतं माझं," आभाळ्या म्हणाला. "मला पंधरा दिवस खाली बसवलं."

"तुम्ही साहेबांना सांगितलंत. मास्तरांनी सगळ्यांना सांगितलं."

आभाळ्यानेही मग दोन टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला त्याने शिडीला हात घातला. हवा स्वच्छ होती, टोकावरचं लाल फडकं चांगलं फडफडत होतं. झुलणारा माल दिवसभर आवरावा लागणार होता. केबिनमधून खाली बघितलं तर क्रेनच्या पायाशी मास्तर दिसत होता. त्याला नवी खुर्ची दिली होती, हात टेकायची. वर ताडपत्री, आणि ताडपत्रीला टांगलेला छोटा पंखा. पंखा फिरत होता. आभाळ्याने तो नीट बघून घेतला.

वायरलेस खरखरला. "साडू...भाऊ. हाक."

आभाळ्याच्या एका हातात ओलं फडकं होतं. "आहे, मास्तर," त्याने लगेच उत्तर दिलं. मग फडकं पिळलं आणि डाव्या बाजूची काच, जिच्यावर रात्रीत धुळीचा थर बसला होता, वरपासून खालपर्यंत पुसायला घेतली.